सोसायटीच्या समितीवर जाण्याआधी खर्चाचा कागद मांडा

देवरूखसारख्या गावात सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक क्वचितच चुरशीची होते. सोळा सदनिकांच्या इमारतीत पाच-सहा घरे वर्षभर उघडी, बाकीची कुलूपबंद. मालक मुंबई-पुण्याला. मग जो गावात राहतो, निवृत्त आहे आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात सेक्रेटरीपद पडते. ‘फक्त सह्या करायच्या असतात हो’ असे सांगून हे पद दिले जाते. त्या सह्यांची किंमत काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

समितीवर जायला वेगळी फी नसते. पण सभासदांच्या पैशांची, इमारतीची आणि कागदपत्रांची जबाबदारी अंगावर येते आणि तिला पैशांत मोजता येते. लहान गावातल्या लहान सोसायट्या घोटाळ्याने क्वचित बुडतात, बहुतेक बुडतात त्या स्वस्त मेंटेनन्सने, असे माझे मत आहे. त्यामुळे नव्या समिती सदस्याचे पहिले काम म्हणजे खरा वार्षिक खर्च कागदावर मांडणे. रंग कोणता द्यायचा, गेट किती वाजता बंद करायचे हे विषय नंतरचे.

आधी पाटी वाचा

तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, हे प्रथम तपासा. दोन्हींना लोक ‘सोसायटी’च म्हणतात. संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात २०१९ मध्ये १३-ब हे वेगळे प्रकरण (कलम १५४-ब) घातले गेले. ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’ झालेली अपार्टमेंट असेल तर १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा लागतो. फरक थेट खिशाला जाणवतो. संस्थेत झाडलोट, सामायिक वीज, हिशेब असे सेवाशुल्क लहान-मोठ्या सर्व सदनिकांना सारखे असते. अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात पडतो. वन बीएचके आणि टू बीएचके यांच्यातली निम्मी भांडणे एवढे माहीत नसल्याने होतात.

संस्थाच नोंदलेली नसेल, म्हणजे बिल्डर गेला आणि दोन-चार जण वर्गणी काढून पंप चालवतात अशी स्थिती असेल, तर समिती हा शब्दच हवेत आहे. संस्था नोंदवायला आता किमान पाच सभासद लागतात, पूर्वी दहा लागत. अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. दस्तनोंदणी करणारे दुय्यम निबंधक वेगळे. या दोन कार्यालयांत गफलत करून लोक सकाळ वाया घालवतात.

यापुढचा मजकूर संस्थेला धरून आहे. आकडे शासनाच्या आदर्श उपविधींमधले आणि परिपत्रकांमधले आहेत. तुमच्या संस्थेला तुमचेच नोंदणीकृत उपविधी लागू होतात, तेव्हा त्यांची प्रत आधी मिळवा. ती कपाटात नसेल तर निबंधक कार्यालयातून मिळते.

सही केली की काय होते

समितीचे सदस्य संस्थेच्या कारभारातील निर्णयांना सामुदायिकरीत्या आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. संस्थेचे नुकसान झाले आणि चौकशीत समितीचा हलगर्जीपणा ठरला, तर भरपाई सदस्यांकडून वसूल होऊ शकते. सदस्याने जबाबदारी स्वीकारल्याच्या एम-२० बंधपत्राची चर्चा बरीच होते. बंधपत्र असो वा नसो, जबाबदारी कायद्यानेच आलेली असते.

सुटका एकाच मार्गाने आहे. निर्णय पटत नसेल तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. बैठकीत गप्प बसून नंतर जिन्यात ‘मी तर तेव्हाच म्हणत होतो’ म्हणण्याला कायद्यात किंमत नाही. सेक्रेटरी नोंद करायला तयार नसेल तर त्याच दिवशी लेखी पत्र देऊन पोच घ्या.

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. रजा न कळवता सलग तीन मासिक बैठका चुकवल्या तर पद जाते. मुदत पाच वर्षांची. स्वतःची थकबाकी असलेल्याला समितीत बसता येत नाही, आणि हे पहिल्याच दिवशी तपासायला हवे, कारण जुन्या समितीतले एखादे भाऊच थकबाकीदार निघण्याचा प्रकार नवा नाही.

वर्षाचे चार दिवस

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. हिशेब १५ मेपर्यंत तयार हवा. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. निबंधकांकडे भरायची वार्षिक विवरणपत्रेही सप्टेंबरअखेरच जायला हवीत. वेळेत सभा न घेणाऱ्या जबाबदार सदस्याला निबंधक पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात.

आता हे कोकणात बसवून पाहा. जुलैत पाऊस कोसळत असतो, ऑगस्टमध्ये चाकरमानी गणपतीच्या गाडीच्या तिकिटामागे असतात. पण हीच सोय आहे. भाद्रपदातली चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. वर्षातून एकदाच सगळे मालक तालुक्यात असतात ते तेव्हा. फ्लॅट देवरूखला, गणपती मात्र वाडीतल्या घरी, अशी बहुतेकांची स्थिती. त्यामुळे चतुर्थीच्या दिवशी किंवा गौरी-विसर्जनाला सभा ठेवू नका, मधला एखादा दिवस सकाळी साडेदहाचा धरा. त्यासाठी लेखापरीक्षण जुलैत उरकलेले हवे.

गणसंख्या दोन-तृतीयांश किंवा वीस, जी कमी असेल ती. सोळा सभासदांत अकरा. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन नसते. मात्र तसा उल्लेख मूळ नोटिशीतच हवा. सभेत मुखत्यार पाठवून मतदान चालत नाही. त्याला एक उपाय कायद्यात आहे. मुंबईत राहणारा सभासद आपल्या आई, वडील, भाऊ, बहीण, सून अशा जवळच्या नातेवाइकाला सहयोगी सभासद करून घेऊ शकतो आणि लेखी संमती देऊन आपले हक्क त्यांच्याकडे सोपवू शकतो. इथे राहणाऱ्या आईच्या हाती मत आले की सभेत माणसे दिसू लागतात.

खर्चाचा कागद

उदाहरण घेऊ. सोळा सदनिका, लिफ्ट नाही, विहीर किंवा बोअरवेल आणि नगरपंचायतीचे नळ. खालचे सेवाखर्चाचे आकडे मी नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्या बिलांवरचे आकडे त्या जागी घाला.

झाडलोट आणि कचरा, वर्षाला ४८,००० रुपये. जिना, आवार आणि पंपाची वीज ४२,०००. पंपाची दुरुस्ती, टाकीची सफाई, दिवे १८,०००. हिशेबनीस, लेखापरीक्षकांची फी, छपाई, टपाल २०,०००. विमा १६,०००. एकूण १,४४,०००. सोळाने भागले तर सदनिकेला वर्षाला ९,०००, महिन्याला ७५० रुपये.

इथपर्यंत बहुतेक समित्या पोचतात. काही तर ‘पाचशे पुरे’ म्हणून त्याआधीच थांबतात. पण उपविधी आणखी दोन गोष्टी मागतात. दुरुस्ती व देखभाल निधी, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. आणि सिंकिंग फंड, किमान ०.२५ टक्के. जमिनीची किंमत यात धरायची नाही. बांधकाम खर्च सदनिकेमागे १० लाख धरला तर ७,५०० अधिक २,५००, म्हणजे वर्षाला १०,००० रुपये. महिन्याला ८३३.

सातशे पन्नास अधिक आठशे तेहतीस, एक हजार पाचशे त्र्याऐंशी. ही खरी मासिक रक्कम. पाचशे घेणारी सोसायटी प्रत्येक सभासदाकडून महिन्याला १,०८३ रुपये कमी गोळा करते. सोळा घरे आणि दहा वर्षे धरली तर ही तूट २० लाख ७९ हजारांच्या वर जाते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, पाइप बदलणे हे सगळे एकदम येऊन उभे राहते तेव्हा हेच पैसे ‘विशेष वर्गणी’ म्हणून मागावे लागतात, आणि तेव्हा कुलूपबंद फ्लॅटचा मालक फोन उचलत नाही.

देवरूखला हा हिशेब जास्तच लागू पडतो. गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, इथला पाऊस भिंतीला श्वास घेऊ देत नाही. गच्चीच्या कठड्याखाली, पाइप जिथे भिंतीतून बाहेर पडतो तिथे आणि पश्चिमेच्या भिंतीवर पाणी आधी मुरते. आगोटीच्या कामांत घरमालक पत्रे-कौले बघतो, तसे समितीने मे महिन्यात गच्ची, पन्हळी आणि टाकीची झाकणे बघून इतिवृत्तात नोंद करावी. गच्चीवर सरसकट पत्र्याची शेड टाकली की गळती थांबते, हा उपाय सर्वत्र दिसतो. खर्च करण्याआधी नगरपंचायतीची परवानगी घ्या. विनापरवाना शेडची नोटीस आली तर ती संस्थेच्या नावे येते आणि ठरावाखाली तुमची सही असते.

समितीला सर्वसाधारण सभेला न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करता येतो? आदर्श उपविधींप्रमाणे २५ सभासदांपर्यंतच्या संस्थेत २५,००० रुपये, २६ ते ५० सभासदांत ५०,०००, त्यापुढे एक लाख. त्याच्या वर निविदा मागवून सभेची मंजुरी. ‘आपलाच माणूस आहे, स्वस्तात करतो’ हे वाक्य तोंडातून येण्याआधी तीन लेखी दरपत्रके घ्या. काम आपल्याच माणसाला मिळाले तरी कागद पुरे हवेत.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण हवे, ३० वर्षांच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. बाजारपेठेच्या आसपासच्या जुन्या अपार्टमेंटपैकी अनेक पहिल्या गटात येऊन बसल्या असतील. भोगवटा प्रमाणपत्रावरची तारीख पाहा.

किती घेता येत नाही

समितीला पैसे गोळा करायचा जितका अधिकार आहे, तितक्याच मर्यादाही आहेत, आणि तक्रारी इथेच होतात.

प्रवेश फी १०० रुपये. हस्तांतरण फी ५०० रुपये. सदनिका विकताना घ्यायचे हस्तांतरण अधिमूल्य सर्वसाधारण सभा ठरवते, पण शासनाने कमाल मर्यादा घातली आहे: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, आणि गाव लहान होत जाते तशी ती उतरत ग्रामपंचायत हद्दीत ५,००० पर्यंत येते. मुंबईच्या सोसायटीत २५ हजार घेतात म्हणून देवरूखला २५ हजारांचा ठराव करू नका. वारसाला किंवा कुटुंबातल्या व्यक्तीला सदनिका जात असेल तर अधिमूल्य नाहीच. त्याऐवजी ‘देणगी’ मागणेही बेकायदा आहे.

भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क लावता येते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. वरच्या उदाहरणात सेवाशुल्क ७५० आहे, म्हणजे महिन्याला ७५ रुपये. आंबव, साडवलीच्या बाजूला शिकायला-नोकरीला आलेल्यांना घर भाड्याने दिले की पाचशे रुपये जास्त लावणाऱ्या समितीने हे दोनदा वाचावे. भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई राहत असतील तर ७५ही नाहीत. नुसते कुलूप लावून ठेवलेल्या घरालाही हे शुल्क लागत नाही.

मग ‘आम्ही वर्षातून दोनदा येतो, पूर्ण मेंटेनन्स कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर काय? सेवाशुल्क आणि निधी पूर्ण द्यावे लागतात. जिना, गच्ची, आवार त्यांचेही आहे. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर, मालमत्ता कर ज्याचा त्याचा. हे बिलावर वेगवेगळ्या ओळींत छापले तर वाद अर्धा होतो. ‘मेंटेनन्स – १,५८३’ अशी एकच ओळ छापणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे.

थकबाकीवर व्याज सरळ व्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. दहा हजार वर्षभर थकले तर व्याज २,१०० पर्यंत. त्यापलीकडे दंड लावून उपयोग नाही आणि पाणी तोडणे तर अजिबात नको. ते प्रकरण समितीच्याच अंगावर येते. सरळ मार्ग म्हणजे बिले, नोटिसा, खाते-उतारा आणि ठराव जोडून कलम १५४-ब-२९ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज. दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. मुंबईत बसलेल्या सभासदाला नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवरची आठवण पुरावा म्हणून कमजोर पडते.

पैसे ठेवायचे कुठे

निधी जमला की तो जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवण्याचा मोह होतो, विशेषतः एखादे काका तिथे संचालक असले तर. ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. शिवाय संस्थेची गुंतवणूक सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच करायची असते. एक टक्का जादा व्याजासाठी सोसायटीचा सिंकिंग फंड बुडाला तर भरपाईची नोटीस कोणाच्या नावे येईल, ते वर आलेच आहे.

विम्याकडेही आपल्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणे हे समितीचे काम आहे. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसे या तालुक्यात अजून आहेत आणि त्या बाजूचे लहानसहान धक्के इथे जाणवतात. पॉलिसी घेताना तिच्यात भूकंप, वादळ आणि दरड समाविष्ट आहेत की नाही ते पाहा, विम्याची रक्कम बांधकाम खर्चाएवढी ठेवा. नमुन्यात धरलेले १६,००० म्हणजे सदनिकेला महिन्याला ८३ रुपये.

जीएसटीची भीती मात्र कमी करा. सदनिकेमागे महिन्याला ७,५०० पेक्षा जास्त शुल्क आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच तो लागतो. संस्थेचा पॅन मात्र हवाच, आणि ठेकेदाराला एका वेळी ३०,००० रुपयांच्या वर दिले तर टीडीएस कापावा लागतो. वॉटरप्रूफिंगच्या बिलात हे नेमके विसरले जाते.

जमीन कोणाच्या नावावर

महिन्याभरात करायचे सर्वांत स्वस्त काम म्हणजे डिजिटल सहीचा सातबारा काढणे. १५ रुपये. त्यावर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालक दिसत असेल, तर जमीन संस्थेची झालेली नाही. सदनिकांच्या करारांचे मुद्रांक शुल्क भरलेले असूनही विकसक अभिहस्तांतरण करून देत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, रत्नागिरीच्या जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा. अर्जाला २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. वकील, वास्तुविशारद आणि कागद जमवण्याचा खर्च याच्या कितीतरी वर जातो, तो लेखी ठरवून घ्या आणि सोळा घरांत वाटा. अडते ते पैशाने कमी आणि जुने करार न मिळाल्याने जास्त. प्रत्येक सभासदाकडून नोंदणीकृत कराराची आणि सूची दोनची प्रत गोळा करायला लागा. मुंबईकरांकडून त्या गणपतीतच मिळतील.

कागदांचा विषय निघालाच आहे तर, जुन्या समितीकडून पदभार घेताना यादी करून घ्या. सभासद नोंदवही, भाग नोंदवही, नामनिर्देशन नोंदवही, दोन्ही इतिवृत्त पुस्तके, रोकडवही, बँकेची पुस्तके, लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. न मिळालेला कागद ‘मिळाला नाही’ असे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या. ‘घरातलीच माणसे आहेत’ म्हणून हे टाळू नका. लेखापरीक्षक वर्षाने तो कागद तुमच्याकडे मागणार आहे.

भारतातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक, मुंबईत गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, १९१५ मध्ये उभी राहिली आणि श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी ही चळवळ वाढवली. तिथेही जागेपेक्षा हिशेब सांभाळणारी माणसे मिळवणे अवघड गेले असेल, असा माझा अंदाज आहे.

वेळेचा हिशेब आता शेवटचा. मासिक बैठक, बिले, बँक, निबंधक कार्यालय, पावसाळ्याआधीची पाहणी आणि सभेचा महिना धरला तर सेक्रेटरीचे काम आठवड्याला काही तासांचे आहे, साध्या समिती सदस्याचे त्याहून बरेच कमी. उपविधींनुसार सर्वसाधारण सभा मानधन मंजूर करू शकते. ते घ्यायला लाजू नका, किंवा ते पैसे हिशेबनीसाला देऊन स्वतःवरचा भार उतरवा. आणि जे सभासद देवरूखला राहत नाहीत त्यांना एवढीच विनंती: येत्या गणपतीत येताना नोंदणीकृत कराराची प्रत, अद्ययावत फोन क्रमांक आणि वर्षाच्या मेंटेनन्सचा चेक बरोबर आणा.